भयकथासंग्रह वाचताना मला भीतीच वाटत नाही. वाचनात माझं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की एका रविवारी अख्खा संग्रह वाचून काढला आणि एकदाही अंगावर काटा आला नाही. मला वाटतं, घाई नडली. माझंही तेच झालं होतं. एम. आर. जेम्सचा १९०४ सालचा भुतांच्या कथांचा पहिला संग्रह मी मुंबई-नागपूर प्रवासात एका दमात संपवला. आठच कथा, पण उतरेपर्यंत सगळे प्राध्यापक आणि सगळी जुनी कागदपत्रं डोक्यात एक झाली होती.

जेम्स केंब्रिजमधला, मध्ययुगीन हस्तलिखितांचा अभ्यासक. नाताळच्या रात्री मित्र जमले की मेणबत्तीच्या उजेडात तो या कथा वाचून दाखवायचा. हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा काढलं. रात्री एकच कथा, तीही मोठ्याने.

'ओह, व्हिसल, अँड आय विल कम टू यू, माय लॅड' घ्या. भुताखेतांवर अजिबात विश्वास नसलेला प्राध्यापक समुद्रकाठी गोल्फ खेळायला येतो, पडक्या अवशेषांत त्याला शिट्टी सापडते, तो ती वाजवतो. प्रवासात मी शिट्टीच्या मागे धावलो. मोठ्याने वाचताना मात्र पलंगापाशी अडखळलो. माणूस एकटा आणि खोलीत पलंग दोन. जेम्स हे अगदी सुरुवातीला, किरकोळ गैरसोय म्हणून सांगून मोकळा होतो. पुढे मोलकरीण सहज म्हणते की दुसऱ्या पलंगावरचंही अंथरूण चुरगळलेलं होतं. तिथे माझा आवाज बसला. भीती त्या पलंगात पहिल्यापासून होती, मीच तिच्यावरून भराभर पुढे गेलो होतो.

(तुमच्या प्रतीत जेम्स मॅकब्राइडची चित्रं असतील तर या कथेची आधी पाहू नका. हा जेम्सचा जवळचा मित्र. चारच चित्रं पूर्ण करून वारला, आणि जेम्सने दुसऱ्या कुणाला चित्रं काढू दिली नाहीत. चित्रं सुंदर आहेत, पण शेवट फोडतात.)

सुरुवात मात्र 'द मेझोटिंट'पासून करा. जुन्या वाड्याचं एक छापील चित्र, दर वेळी पाहिलं की थोडं बदललेलं. हिरवळीवर कुणीतरी रांगत वाड्याकडे निघालंय, आणि पाहणाऱ्यांना काहीच करता येत नाही, कारण ते सगळं कधीच घडून गेलंय. ती संपली की पुस्तक मिटा. दुसरी उद्या.