ब्लॅक स्टार लाइनची जहाजे कोणत्या नावाने शोधावीत?

नमस्कार. कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते मार्कस गार्वी यांच्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीवर लिहिताना आपण ‘फ्रेडरिक डग्लस’ या जहाजाची कागदपत्रे एका अभिलेखागाराकडे मागितली आणि ‘असे जहाज नोंदीत नाही’ एवढ्या एका ओळीवर आपली बोळवण झाली, हे वाचून मला माझा जुना मनस्ताप आठवला. गार्वी कोण, ते जमैकाहून न्यूयॉर्कला कसे आले, हे आपल्याला ठाऊक असणारच. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

ते जहाज नोंदीत आहे, पण ‘यार्मथ’ या नावाने. १८८७ साली बांधलेले हे जहाज कंपनीने १९१९ मध्ये १,६५,००० डॉलरना विकत घेतले आणि भाषणांतून, जाहिरातींतून, ‘निग्रो वर्ल्ड’ या चळवळीच्या साप्ताहिकातून त्याला ‘फ्रेडरिक डग्लस’ म्हणण्यास आरंभ केला. अधिकृत नोंदणीत मात्र नाव कधीच बदलले नाही. कंपनीचे ‘अंतोनिओ मासेओ’ हे जहाजही ‘कनावा’ या मूळ नावाने शोधावे. मी ज्या कार्यालयाच्या वाटेला गेलो, त्याचे नाव घेत नाही, कारण तेथील कारभार आता सुधारलाही असेल. माझ्या अर्जात कंपनी, वर्ष, मार्ग, कप्तान असे सर्व काही लिहिलेले असूनही तेथे केवळ जहाजाचे नाव जुळवून पाहिले गेले, ते जुळले नाही म्हणून शुल्क ठेवून घेऊन प्रकरण बंद करण्यात आले आणि माझ्या स्मरणपत्रांना उत्तरही मिळाले नाही. पुढे ‘यार्मथ’ या नावाने पुन्हा अर्ज केला, तेव्हा तेच कागद तेथूनच आले, आणि गठ्ठ्याच्या वेष्टनावर ब्लॅक स्टार लाइनचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले होते! ज्यांच्या हाती कागद आहेत त्यांनी ते एकदा उघडून पाहावेत, ही अपेक्षा फार मोठी नव्हती.

‘फिलिस व्हीटली’ या नावामागे मात्र लागू नका. ते जहाज कंपनीकडे कधीच नव्हते. ‘ओरायन’ नावाच्या जहाजासाठी बोलणी चालू असतानाच त्याच्या छायाचित्रावर हे नाव रंगवून ते समभाग विकण्याच्या पत्रकात छापले गेले, आणि टपालाद्वारे फसवणुकीच्या खटल्यात हेच पत्रक गार्वींच्या अंगाशी आले. सरकार पक्षाने एका भागधारकाला आलेला कंपनीचा रिकामा लिफाफा पुरावा म्हणून मांडला. त्यात काय होते हे सिद्ध झाले नाही, तरी १९२३ मध्ये चार आरोपींपैकी एकट्या गार्वींना पाच वर्षांची शिक्षा झाली.

माझे वैयक्तिक मत असे की, या खटल्यावर लेखाची बरीच पाने खर्च करू नयेत. कंपनी बुडाली ती त्याआधीच, १९२२ मध्ये, आणि तिचे कारण मालवाहतुकीच्या हिशेबांत सापडते. ‘यार्मथ’ हे बत्तीस वर्षे जुने जहाज अवाच्या सवा किमतीला घेतले. जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत मद्यबंदी लागू होण्याच्या बेतात व्हिस्की घेऊन ते घाईने क्यूबाकडे निघाले आणि वाटेतच संकटात सापडल्यामुळे काही माल समुद्रात टाकून परतले. जहाजावरील अधिकारी ह्यू मल्झॅक यांच्या आठवणींनुसार, पुढे नारळ भरलेले असताना केवळ लोकांना जहाज दाखवण्यासाठी मुख्यालयाने ते इतर बंदरांत फिरवले आणि नारळ कुजून गेले. पाच डॉलरचा एकेक समभाग घेणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी जहाजाचे दर्शन हाच जणू लाभांश होता, हे मला मान्य आहे. परंतु नारळाच्या मालकाला त्याची भरपाई कोण देणार? १९२१ च्या अखेरीस ‘यार्मथ’ भंगारात अवघ्या १,६२५ डॉलरना गेले.

अमेरिकी तपास खात्याचे अहवाल वापरणार असाल तर जपून वापरावेत. त्या खात्याने चळवळीत आपली माणसे पेरली होती आणि गार्वींना देशाबाहेर कसे काढता येईल याचा विचार १९१९ पासूनच चालू होता, त्यामुळे त्यांतील तारखासुद्धा बंदराच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय मी घेत नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही, केवळ हौशी अभ्यासक आहे, तेव्हा हे सर्व आपल्या मार्गदर्शकांना अवश्य विचारावे. नवीन अर्ज करताना ‘यार्मथ’ हे नाव पहिल्याच ओळीत लिहावे, ‘फ्रेडरिक डग्लस’ त्याखाली द्यावे, आणि शक्य असल्यास शुल्क आधी न भरता शोध लागल्यावर भरण्याची सवलत मागावी.