उतरताना वैमानिकांचं लक्ष दुसरीकडे गेलं तर खरंच इतकं बिघडू शकतं का?

हो, एका बल्बपायीसुद्धा. २९ डिसेंबर १९७२ ची रात्र, अमेरिकेतलं मायामी. ईस्टर्न एअर लाइन्सचं फ्लाइट ४०१, जेमतेम चार महिने जुनं ट्रायस्टार विमान. उतरायच्या वेळी पुढचं चाक नीट खाली आल्याचं सांगणारा हिरवा दिवा लागेना. मग २००० फुटांवर ऑटोपायलट लावून सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. एक जण तर चाक बघायला खालच्या कप्प्यात उतरला. तेवढ्यात, बहुधा कॅप्टनचा धक्का लागून, उंची धरून ठेवणारी सोय सुटली. विमान इतकं हळू खाली येत गेलं की अंगाला जाणवलंच नाही. इशारा वाजला, तोही कुणी टिपला नाही. खाली एव्हरग्लेड्सची दलदल, मिट्ट काळोख. १७६ पैकी १०१ जण गेले. चाक मात्र नीट खाली आलेलं होतं!

पुढे १९८१ मध्ये तिथे नियम आला: १०,००० फुटांखाली कॉकपिटमध्ये अवांतर गप्पा बंद. पण या मंडळींना तो नियम वाचवू शकला नसता, कारण ते कामाचंच बोलत होते. माझ्या मते खरी मेख वेगळी आहे. दिवा कुणीही बघा, पण एकाने फक्त विमान उडवायचं, हे तिथे कुणी ठरवलंच नव्हतं.