कॉलेजच्या आवारात घडणाऱ्या रहस्यकादंबरीला खून लागतोच का?

आपला प्रश्न असा आहे की, कोल्हापुरातील एका महाविद्यालयात घडणारी, रक्तपात नसलेली, इंग्रजी वाचक जिला 'कोझी मिस्टरी' म्हणतात तशी कादंबरी लिहायला घेतली, तर खुनाशिवाय वाचक शेवटपर्यंत टिकेल का. मी येथील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि रहस्यकथांचा जुना वाचक आहे. तेवढ्या अधिकारावर सांगतो, की वाचक टिकेल. मात्र गुन्हा महाविद्यालयातच घडू शकेल असा हवा. जो खून एखाद्या लॉजमध्येही घडला असता, तो आवारात आणून टाकल्याने कादंबरी महाविद्यालयाची होत नाही.

इंग्रज रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांची १९३५ सालची 'गॉडी नाइट' ही कादंबरी यासाठी अवश्य वाचावी. ती ऑक्सफर्डमधील स्त्रियांच्या एका काल्पनिक महाविद्यालयात घडते. निनावी गलिच्छ पत्रे येतात, एका विदुषीच्या ग्रंथाची मुद्रिते (छपाईआधी तपासायची पाने) विद्रूप केली जातात आणि भल्यामोठ्या कादंबरीत खून एकही होत नाही. तरीही जीव टांगणीला लागतो, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९२० साली, आणि त्या पहिल्या पदवीधरांमध्ये स्वतः सेयर्स होत्या. प्रकरणाचा बभ्रा झाला तर स्त्रियांनी शिकण्यालाच नाके मुरडणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळणार, ही धास्ती पानापानांत आहे. पणाला काय लागले आहे हे वाचकाला कळले, की प्रेताची गरज उरत नाही.

आपल्याकडे पणाला काय लागते, तर पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, आणि ते ६० टक्क्यांच्या वर गेले तर संशोधकाची नोंदणीच रद्द होते. पण साम्य शोधणारे सॉफ्टवेअर संगणकावर नसलेल्या मजकुराशी तुलना करणार कशी? समजा, एका दिवंगत प्राध्यापकांचे कधीही न छापलेले टंकलिखित बाड ग्रंथालयाला भेट मिळालेले आहे आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. कोणीतरी त्यावरून आपला प्रबंध उतरवतो, मूळ बाड लांबवतो आणि साठा पडताळणीत उणीव दिसू नये म्हणून त्याच आकाराचे, तशाच बांधणीचे दुसरे बाड दाखल क्रमांक घालून फडताळात ठेवतो.

तो पकडला कसा जाईल, हे ग्रंथालयात काम केलेला माणूसच सांगू शकेल. शीर्षकपानावरील शिक्का सर्वांना दिसतो. परंतु अनेक ग्रंथालये आतील एका ठराविक पानावरही शिक्का मारतात व दाखल क्रमांक लिहितात, आणि ते पान कोणते हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आपल्या कादंबरीत ते ५१ वे धरा. बदललेल्या बाडाच्या ५१ व्या पानावर ना शिक्का असतो, ना क्रमांक.

संशयितांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी बर्फाने वेढलेली हवेली कोल्हापुरात शोधण्याचे कारण नाही. आपल्याकडे पंचगंगा आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी समजली जाते; २०१९ च्या महापुरात तर पुणे-बंगळूर महामार्गही कित्येक दिवस बंद होता. महाविद्यालय सागरमाळासारख्या उंच भागात ठेवलेत तर इमारत कोरडी राहील, गावोगावाहून येणारे प्राध्यापक अडकून पडतील आणि त्या आठवड्याच्या मस्टरवर मोजक्याच सह्या उरतील. आवक-जावक नोंदवही, किल्ल्यांचा फळा, डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) हे सारे पुराव्यासाठी वापरावे. (दर तिसऱ्या पानावर तांबडा रस्सा आणू नये, ही वाचक म्हणून वैयक्तिक विनंती.)

तपास कोणाकडे द्यावा, याबद्दल माझे मत पक्षपाती आहे. प्राचार्य नकोत, पोलीस तर नकोतच. ज्याला सगळे 'मामा' म्हणतात, ज्याच्यादेखत प्राध्यापक निर्धास्तपणे बोलतात आणि सगळ्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो शिपाई, आणि त्याच्या जोडीला ग्रंथपाल, एवढे पुरे. महाविद्यालय मात्र काल्पनिकच ठेवावे, म्हणजे कोणाची अब्रू जाणार नाही.

उलगड्यासाठी प्राचार्यांच्या दालनात सर्वांना गोळा करण्याचीही गरज नाही. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असते आणि श्रोत्यांनाही प्रश्न विचारता येतात. ग्रंथपाल मागच्या बाकावर ते बाड मांडीवर घेऊन बसलेला असावा आणि अध्यक्षांनी "कोणाला काही विचारायचे आहे का?" असे म्हटल्यावर त्याने उठून उमेदवाराला एवढेच सांगावे, "सर, जरा ५१ वे पान उघडता का?"