दारू, खोटं, शिव्या सगळं टाळतो, मग ख्रिस्ती म्हणून एवढं पुरेसं नाही का?

नाही, पुरेसं नाही असं मला अगदी मनापासून वाटतं. बायबलमधलं मत्तय 25 परत वाचा ना, न्यायाच्या वेळी डाव्या बाजूला उभे केलेल्यांवर चोरीचा की व्यभिचाराचा आरोपच नाहीये, भुकेल्याला खायला दिलं नाही, आजाऱ्याची विचारपूस केली नाही, एवढंच. आणि याकोब 4:17 तर सरळच सांगतं, चांगलं काय ते कळतंय आणि तरी करत नाही तर तेच पाप.

पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये इथेच मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढे 1896-97 च्या दुष्काळात निराधार मुलींना पुण्याजवळच्या केडगावला आणून सांभाळलं, नुसतं स्वतःपुरतं शुद्ध राहून घरी बसल्या असत्या तर त्या मुलींचं काय झालं असतं? (तारण कृपेनेच आहे, पाप टाळणं सोडा असंही म्हणत नाहीये हां.)

मुंबईत आहात तर लांब जायलाच नको, परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि नातेवाईक असतात, रविवारी चर्च सुटलं की दोघं-तिघं मिळून जा, जमेल तेव्हा प्लेटलेटही (रक्तातला एक घटक) डोनेट करा, पण आधी त्या पेशंट-नातेवाईकांनाच विचारा काय हवंय, कधीकधी डब्यापेक्षा फॉर्म भरून देणारा माणूस जास्त लागतो.