लीगमधे चौथे, देशात पहिले!

गेल्या अंकात कोलंबसच्या ओहायो स्टेट या अमेरिकन कॉलेजच्या फुटबॉल टीमबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, तुमचे एवढे प्रश्न आले की या वेळी बाकीचं सगळं बाजूला ठेवलंय. आधीच सांगते, हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, लांबट बॉलवाला. मेस्सीचा नाही.

प्रश्न: मुलगा कोलंबसला एमएस करतोय. नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला, आवाज असा की मला वाटलं पासपोर्ट हरवला. तर म्हणे मिशिगनकडून हरलो. जानेवारीत तोच ओरडत सांगतो, आम्ही चॅम्पियन! हरलेली टीम चॅम्पियन कशी होते? – एक आई, कोथरूड

ताई, एकदा नाही, दोनदा हरले होते. बिग टेन ही त्यांची लीग, इकडे कॉन्फरन्स म्हणतात. २०२४ च्या सीझनमधे प्रत्येक टीमच्या लीगमधल्या ९ मॅच. ओरेगॉन नऊच्या नऊ जिंकलं, पेन स्टेट आणि इंडियाना प्रत्येकी ८, आणि आपले ओहायो स्टेटवाले ७, म्हणजे टेबलात चौथे. लीगची फायनल पहिल्या दोघांत, तिथे ओरेगॉनने पेन स्टेटला ४५-३७ हरवलं आणि यांनी ती मॅच घरी सोफ्यावर बसून बघितली.

पण त्याच वर्षी देशपातळीवरचा प्लेऑफ ४ टीमचा होता तो १२ टीमचा झाला. त्यात ५ जागा लीग जिंकणाऱ्यांना आणि उरलेल्या ७ कमिटी ठरवते, आणि कमिटीने ओरेगॉनशिवाय बिग टेनमधल्या अजून तीन टीम घेतल्या, त्यात हे आले मागच्या दाराने. मग टेनेसीला ४२-१७, पुढे १ जानेवारीला रोझ बोल स्टेडियमवर त्याच ओरेगॉनला ४१-२१ (एका क्षणी स्कोअर ३४-० होता, मी चहा करायला गेले आणि परत येईपर्यंत अजून एक टचडाउन, म्हणजे सहा पॉइंट), मग टेक्सस, आणि २० जानेवारीला अटलांटात नोत्र दामला ३४-२३. झाले चॅम्पियन.

आता मुलाच्या आवाजाबद्दल. ती ३० नोव्हेंबरची मॅच हाडवैरी मिशिगनशी, घरच्या मैदानावर होती, लाखभर लोक, मिशिगनचा सीझन तसा यथातथाच चाललेला, सगळे म्हणत होते की हे वीस पॉइंटने जिंकणार. आणि आमची टीम मधोमधूनच बॉल घेऊन घुसायचा हट्ट सोडेना, जिथे मिशिगनची भिंत सगळ्यात जाड तिथेच डोकं आपटत राहिली. किकरने दोन किक घालवल्या. शेवटची ४५ सेकंद उरली असताना मिशिगनने २१ यार्डांची किक मारली, १३-१०, खलास. वर मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला गेले, मारामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे, दोन्ही कॉलेजांना १-१ लाख डॉलर दंड. मिशिगनकडून सलग चौथी हार (२०२० ची मॅच कोविडमुळे झालीच नव्हती). लोक ओहायो स्टेटचा कोच रायन डे याला हाकला म्हणत होते, सात आठवड्यांनी त्याच्याच हातात ट्रॉफी. पुरुषोत्तम करंडकाला समोरच्या कॉलेजकडून हरलेल्यांना विचारा, पुढे कितीही बक्षिसं मिळाली तरी ती संध्याकाळ विसरत नाहीत. मुलाला माफ करा.

प्रश्न: यूट्यूबवर क्लिप बघितली, ओरेगॉनचे १२ जण मैदानात! ही सरळ चीटिंग नाही का? – नागपूर

चीटिंग म्हणावं तर दंड भरला, म्हणून गंमत. ऑक्टोबरची मॅच (दोन हारांपैकी पहिली ती हीच), ओरेगॉन ३२-३१ पुढे, बॉल ओहायो स्टेटकडे, घड्याळात १० सेकंद. ओरेगॉनने डिफेन्सला ११ ऐवजी १२ उभे केले. पास कोणाला सापडलाच नाही, दंड ५ यार्डांचा, पण खेळात गेलेली ४ सेकंद परत कोण देणार? उरली ६. पुढच्या बॉलला ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, स्वतःच पळाला, घसरून खाली बसेपर्यंत वेळ संपली. ओरेगॉनचा कोच डॅन लॅनिंगने नंतर हसत हसत सुचवलंच की तयारी करून आलो होतो. ड्रॉ वाचवायला पाचव्यांदा बुटाची लेस बांधणारा बॅट्समन आठवा, तीच जात. काही दिवसांतच नियमाचा अर्थ बदलला, आता शेवटच्या दोन मिनिटांत असं झालं तर समोरची टीम ती सेकंद परत मागू शकते. मला विचाराल तर जाम आवडलं. घरात बोलले नाही.

प्रश्न: भाची लॉस एंजेलिसला यूसीएलएमधे आहे. तिची टीम न्यू जर्सीला लीगची मॅच खेळायला? आणि नाव टेन, टीम अठरा? – ठाणे

नाव जुनं आहे हो, १८९६ ला सात कॉलेजांनी सुरू केलेली लीग. पेन स्टेट आल्यावर अकरा झाले तेव्हा नाव नाही बदललं, लोगोत अक्षरांच्या फटीत ११ लपवला! पुढे अजून तीन येऊन चौदा झाले, आणि २०२४ ला पश्चिम किनाऱ्यावरचे ओरेगॉन, वॉशिंग्टन, यूएससी (हेही लॉस एंजेलिसचंच) आणि यूसीएलए आले, झाले १८. कारण एकच, टीव्हीचे पैसे. खेळाडूंनी मात्र ४००० किलोमीटर उडायचं, आणि पूर्वेकडे दुपारी बाराची मॅच म्हणजे त्यांच्या अंगात सकाळचे नऊ. यूएससी मिशिगन, मिनेसोटा आणि मेरीलँड तिन्हीकडे हरलं, सगळे विमानाला शिव्या घालत होते. पण भाचीची यूसीएलए स्वतः कशीबशी खेळत असून न्यू जर्सीत रटगर्सला ३५-३२ हरवून आली, तेव्हा विमानाचा दोष किती ते तुम्हीच बघा.

प्रश्न: नातवाने कॉलेजचे फोटो पाठवले, पाट्यांवर इंग्रजी एमवर लाल पट्ट्या चिकटवल्यात. काही अपशकुन आहे का? – एक आजी, सांगली

आजी, अपशकुनच समजा. मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात दिसेल त्या एमवर लाल टेपची फुली मारतात, बिल्डिंगच्या नावातला असो की नकाशावरचा. माझ्या गाडीच्या मागे 'मोरया' लिहिलंय, देवनागरीतला म कोणाला वाचता येत नाही म्हणून वाचलाय इतकी वर्षं.