दाणे मोजणारी आई

बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, आयांचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, पोराच्या अंगावरचे दाणे जाईनात, जाळून घ्यायचे का?" डॉक्टरांनी "आपोआप जातील" म्हणून सांगितलेलं असतं आणि नेमकं तेच पटत नाही.

खानापूरकडची एक आई सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. निदान झालं होतं: मोलस्कम. विषाणूमुळे येणारे मोत्यासारखे दाणे, मधे खळगी. सासूबाई चुना लाव म्हणत होत्या. जावेनं आपल्या मुलांना त्याच्याजवळ झोपू देणं बंद केलं होतं. पोरगा शाळेला जाईना, रात्री खाजवून रक्त काढायचा.

"किती दाणे आहेत?" मी सहज विचारलं.

"काल बत्तीस," आईआधी तोच बोलला.

"कोण मोजतं?"

"आई. रोज रात्री, ट्यूबखाली उभं करून."

आई जरा वेळानं म्हणाली, "मग काय करू ओ मॅडम? नुसतं बघत बसू?"

गाठ इथं होती. तिला औषधापेक्षा हाताला काम हवं होतं. मी डॉक्टर नाही, दुखण्याआधी मी घर बघते. ही माझी रीत मला क्वचितच फसवते. मोजणं बंद केलं, कामं वाटली. आंघोळीनंतर मॉइश्चरायझर मुलगा स्वतः लावणार. नखं बाबा कापणार. टॉवेल वेगळा. दाणे कपड्यानं झाकून शाळेला जायचं, भावंडांतही झोपायचं.

काही महिन्यांनी ती धावत आली: दाणे लाल होऊन सुजले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शरीर विषाणूशी लढतंय, जायच्या आधी असं होतं. त्या दिवशी मुलगाच आईला समजावत होता. त्याचं खाजवणं तोवर कधी थांबलं, हे घरात कुणाला आठवेना. मला तरी यात नवल वाटलं नाही.

हे दाणे बहुधा 6 ते 12 महिन्यांत जातात, कधी जास्त लागतात. फोडू नका. चुन्यानं कातडी भाजते, व्रण राहतो. चामखिळीचा विषाणू वेगळा, पण तीही बऱ्याचदा आपणहून जाते. चामखीळ घालवायची घाई असेल तर डॉक्टरांना विचारून सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध: चामखीळ कोमट पाण्यात भिजवून वर लावायचं, रोज, 12 आठवड्यांपर्यंत, चेहऱ्यावर मात्र नाही. गोठवून काढणं दुखतं, लहानग्यांना शक्यतो नकोच. घोड्याचा केस बांधायचा तर मुळीच नाही.

डोळ्याच्या कडेला दाणा आला, पू झाला, ताप आला, तर आधी डॉक्टर. माझ्याकडे नंतर या.