गिफ्टेड प्रोग्रॅम चांगला चाललाय हे ओळखायचं कसं?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक चौथीत आहे. मागच्या वर्षी कॉगॅट (विचारशक्तीची चाचणी) दिली आणि तिला डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) गिफ्टेड अँड टॅलेंटेड या हुशार मुलांच्या प्रोग्रॅममधे घेतलं, आजीने तर तिकडे पुण्यात पेढे वाटले. आता वर्षभराने बघतेय तर आठवड्यातून एकदा 45 मिनिटं वेगळ्या वर्गात नेतात, कोडी, लेगो, मार्शमॅलोचे मनोरे, आणि परत आल्यावर वर्गात बुडलेलं वर्कशीट घरी पूर्ण करायचं! गणिताच्या तासाला येतंय तेच परत परत. आता डिस्ट्रिक्ट या प्रोग्रॅमचा आढावा घेतंय आणि पालक कमिटीत माझं नाव आहे. पहिल्याच मीटिंगला सर्व्हे दाखवला, बहुतेक पालक 'खूप समाधानी', सगळे माना डोलावत होते म्हणून मीही गप्प बसले. पुढच्या वेळी विचारू तरी काय?
– एक आई

उत्तर : सर्व्हे बाजूला ठेवा. तो गेला कोणाला, तर ज्यांच्या मुलांना घेतलं त्यांना, आणि मुलाला 'गिफ्टेड' म्हटलंय ते आईबाप नाराज कशाला होतील, पेढे तर तुमच्याकडेही वाटले की :)

पहिलं विचारा, चाचणी कोणाची घेतली? सगळ्या मुलांची, की टीचरने किंवा पालकाने नाव सुचवलं त्यांचीच? यात फार मोठा फरक पडतो. फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीने 2005 पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाळणी चाचणी घ्यायला सुरुवात केली, निकष बदलले नाहीत तरी गरीब घरातली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं एकदम जास्त सापडायला लागली. म्हणजे ती हुशार आधीपासून होतीच, कोणी नाव सुचवलं नव्हतं इतकंच. पुढे पैसे कमी पडले, चाळणी बंद केली आणि आकडे परत खाली आले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी यावर अभ्यास केलाय (कार्ड म्हणजे 2021 चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले). तुमच्या राज्यात तर 2020 मधे कायदाच झालाय, निवड एका परीक्षेवर करायची नाही, बरेच निकष लावायचे, आणि मूल गिफ्टेड आहे का हे त्याच डिस्ट्रिक्टमधल्या त्याच्या वयाच्या मुलांशी ताडून बघायचं. वंश, मुलगा-मुलगी, इंग्रजी शिकणारी मुलं, स्पेशल एज्युकेशन अशी आकड्यांची फोड डिस्ट्रिक्टला राज्याला द्यावी लागते, ती कमिटीसमोर ठेवा म्हणा.

दुसरं, मुलांची प्रगती कशाने मोजताय? राज्याची परीक्षा इथे फार उपयोगाची नाही. तिसरीतच सगळ्यात वरच्या लेव्हलला पोचलेलं मूल चौथीतही तिथेच दिसणार, मग ते वर्षभर काही शिकलं की नुसतं बसून राहिलं ते त्या आकड्यातून कळणार कसं? मॅपसारखी चाचणी, जी मूल बरोबर उत्तरं देत गेलं की अवघड होत जाते आणि इयत्तेच्या पुढेही जाते, ती डिस्ट्रिक्ट घेत असेल तर सप्टेंबरचा आणि मे महिन्याचा आकडा शेजारी ठेवून बघा.

पण खरी गंमत काठावर आहे. समजा कॉगॅटच्या स्कोअरचा कटऑफ 132 आहे, म्हणजे साधारण वरचे दोन-अडीच टक्के. आता 130 वालं मूल आणि 133 वालं मूल यात खरा फरक काहीच नाही, त्या दिवशी झोप नीट झाली नसेल तरी तेवढं इकडचं तिकडे होतं. एक आत गेलं, एक बाहेर राहिलं. दोन वर्षांनी ही दोन्ही गणितात सारखीच पुढे असतील तर प्रोग्रॅमने नेमकं केलं काय? एका वर्षात अशी मुलं थोडीच मिळतील म्हणून चार-पाच वर्षांची एकत्र करा, नावं काढून टाकून. आतल्या मुलांचे मार्क बाकीच्यांपेक्षा जास्त आहेत असा ग्राफ कोणी दाखवला तर हसू आवरा, जास्त मार्कवालीच तर निवडली होती!

आणि ते 45 मिनिटांचं. तुमची लेक काय फक्त बुधवारी दुपारी हुशार असते का? बाकीच्या वेळात तिला काय मिळतं तेच मुख्य, मनोरे बाकीच्या मुलांनाही आवडले असते. गणितात पुढे असलेल्या मुलाला पुढचं गणित देणं, गरज असेल तर त्या एका विषयापुरतं वरच्या वर्गात बसवणं, याला मनोऱ्यांपेक्षा कितीतरी भक्कम आधार आहे. युनिट सुरू व्हायच्या आधी प्री-टेस्ट घेता का, आणि ज्याला ते सगळं येतंय त्याला मग काय देता, हे विचारा. उत्तर द्यायला कोण किती वेळ घेतं तेही बघा.

एक आपल्यातलं बोलते, राग मानू नका. शिष्यवृत्तीला बसवल्यासारखी कॉगॅटची पुस्तकं करून घेणारी घरं आपल्यात खूप आहेत. शिष्यवृत्तीला अभ्यास करायचाच असतो, पण कॉगॅट मूल विचार कसा करतं ते मोजायला बनवलेली आहे, पुस्तकंच्या पुस्तकं करून दिली की आकड्याचा अर्थच जातो आणि काठावरचं दुसरं कुणाचं तरी मूल बाहेर राहतं. कमिटीत हे आपणच बोललेलं बरं.

आढावा पूर्ण व्हायला वर्ष जाईल, तोवर लेक पाचवीत. डिस्ट्रिक्ट कायदा पाळत नसेल तर डिस्ट्रिक्टच्या बोर्डाकडे आणि पुढे राज्याच्या शिक्षण कमिशनरकडे तक्रार करता येते, पण वर्कशीटसाठी तेवढं लांब जायला नको. क्लास टीचरला आजच दोन ओळींचा मेल टाका, वेगळ्या वर्गात गेल्यामुळे बुडलेलं काम माफ करा म्हणून.